जिभेपासून मूत्रपिंडापर्यंत : चयापचयाचे आजार आणि वनस्पतींचे अर्क

टाइप २ मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, यकृतात साठणारी चरबी, सुटलेले पोट आणि उच्च रक्तदाब हे आजार सहसा एकेकटे येत नाहीत. गरजेपेक्षा जास्त खाणे, त्यातही मैदा, साखर, पॉलिश केलेला तांदूळ आणि तळणाचा भरणा, जोडीला बसून राहण्याची सवय, असे वर्षानुवर्षे चालले की शरीरातल्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड आधी जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेते, पुढे तेही थकते. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के.

अंगाने सडसडीत माणूस यातून सुटतो असेही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापून हे दाखवले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारख्या भरणाऱ्या दोन माणसांच्या आत काय साठले आहे, हे काट्याला कळत नाही.

चरकसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे ज्यांत मधुमेहही येतो त्या मूत्रविकारांचे, वीस प्रकार सांगितले आहेत. कारणांच्या यादीत बसून राहणे, अतिझोप, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ येतात. उपचारांत जव आणि व्यायाम यांना मोठे स्थान आहे आणि वनस्पती त्यांच्या जोडीने येतात. आजच्या बाजारात हा क्रम उलटा झाला आहे. कॅप्सूल आधी, पथ्य जमले तर नंतर.

कॅप्सूलमधला अर्क तयार होतो तो असा. पाने, साल किंवा बिया वाळवून भरडतात, पाण्यात, अल्कोहोलमध्ये किंवा दोहोंच्या मिश्रणात भिजवतात, गाळतात आणि द्रावक उडवून टाकतात. मागे उरतो तो चिकट गोळा किंवा कोरडी भुकटी. दहा किलो पानांतून एक किलो भुकटी निघाली तर डबीवर ‘१०:१’ असे छापतात. या आकड्यावरून ताकद कळते असे पुष्कळांना वाटते, पण ती कळत नाही. पाण्यात एक प्रकारची द्रव्ये उतरतात, अल्कोहोलमध्ये दुसऱ्या प्रकारची. पाने पावसाळ्यात तोडली की उन्हाळ्यात, वेल कोवळी होती की जून, यावरही घटक बदलतात. म्हणून जबाबदार उत्पादक एखादे ठरावीक रसायन मोजून त्याची टक्केवारी लिहितात. ती लिहिलेली नसेल, तर एकाच नावाच्या दोन डब्यांमध्ये दोन वेगळी औषधे असू शकतात.

अन्नातली साखर शरीरात ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर जवळजवळ प्रत्येक टप्प्याला कुठली ना कुठली वनस्पती नाव लावून बसलेली आहे. पहिला टप्पा जीभ. गुडमार, म्हणजेच मधुनाशिनी, ही मध्य आणि दक्षिण भारताच्या रानांतली वेल. तिचे एक-दोन पान नीट चावून तोंडभर फिरवले आणि मग साखरेचा चमचा तोंडात टाकला, तर दाताखाली नुसती कचकच लागते, गोडी नाही. मीठ मात्र खारटच लागते आणि लिंबू आंबट. अर्धा ते एक तासात गोडी परत येते. कॅप्टन एजवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याच्या निरीक्षणावरून १८४७ मध्ये याची इंग्रजीत नोंद झाली, आणि १८८७ मध्ये डेव्हिड हूपर यांनी पानांतून जिम्नेमिक आम्ल वेगळे केले. हे द्रव्य जिभेवरच्या गोडाच्या ग्राहींना काही काळ अडकवून ठेवते.

जिभेवरचा परिणाम वादातीत आहे, रक्तातल्या साखरेवरचा तितका नाही. १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज ४०० मिलिग्रॅम गुडमारचा अर्क दीड वर्षाहून अधिक काळ दिला. गोळ्यांचे प्रमाण कमी करता आले आणि पाच जणांच्या गोळ्या बंद झाल्या. हे निष्कर्ष आजही जाहिरातींत सापडतात. पण कोणाला अर्क मिळणार आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, आणि कोण काय घेत आहे हे सगळ्यांना माहीत होते. तपासणीला नियमित येणारा रुग्ण खाण्यापिण्याकडेही जास्त लक्ष देऊ लागतो. त्या पाच जणांच्या गोळ्या पानाने सुटल्या की पथ्याने, हे अशा चाचणीतून उलगडत नाही.

पुढचा टप्पा आतडे, आणि इथे वनस्पतींची बाजू सर्वांत भक्कम आहे. मेथीदाण्याचा जवळपास निम्मा भाग तंतुमय असतो. त्यातला गॅलॅक्टोमॅनन नावाचा डिंक पाण्यात फुगतो, अन्नाभोवती बुळबुळीत थर धरतो आणि साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतो. रात्री भिजत घातलेल्या मेथीवर सकाळी जी तार सुटते ती हीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९८० आणि १९९० च्या दशकांत मेथीवर बरेच काम केले. तिथल्या एका प्रयोगात तेल काढलेल्या मेथीचे पीठ दुपारच्या व रात्रीच्या जेवणात मिळून रोज १०० ग्रॅम दिले होते. साखर उतरली, पण १०० ग्रॅम म्हणजे किती, हे मेथीचे लाडू वळणाऱ्या कोणालाही विचारावे. उपाशीपोटी गिळलेला चमचाभर मेथीदाणा या प्रमाणाच्या जवळपासही जात नाही. आणि मेथीचा ‘अर्क’ काढताना डिंकच गाळून टाकला, तर जे काम करत होते तेच गेले. मेथीपुरते सांगायचे तर अर्कापेक्षा अख्खा दाणा बरा.

इसबगोलाचेही तसेच. गुजरातेत सिद्धपूर आणि उंझा परिसरात साफ होणारा हा भुसा महाराष्ट्रात बद्धकोष्ठावर घेतात. त्याचा तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, मग नवी पित्ताम्ले बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये रोज ७ ग्रॅम विद्राव्य तंतू देणाऱ्या इसबगोलाला हृदयविकाराचा धोका कमी करण्याविषयीचा दावा छापायला परवानगी दिली. वनस्पतिजन्य उपायांत इतका साधा आणि इतका तपासलेला दुसरा क्वचितच सापडेल. तो स्वस्त असल्यामुळे त्याची जाहिरात कोणी फारशी करत नाही.

आतड्यातच काम करणारी दुसरी वनस्पती म्हणजे सप्तरंगी. तिच्या कुळातल्या एका वेलीच्या लाकडाचे पेले श्रीलंकेत मधुमेहींना देत. जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये या वेलीतून सॅलॅसिनॉल वेगळे केले. पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारे अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर ते रोखते. अकार्बोज हे औषधही हेच करते, आणि दोघांचा दोषही एकच. न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि पोटात गॅस धरतो.

आपल्याकडे असा पेला बिबळ्याच्या, म्हणजे विजयसाराच्या, लाकडाचा असतो. रात्री पाणी भरून ठेवले की सकाळपर्यंत ते तपकिरी होते आणि तुरट लागते. काही आठवड्यांनी रंग उतरू लागतो, तेव्हा पेला बदलायचा. रंगाबरोबर द्रव्य किती उतरले हे मात्र रोज वेगळे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या चाचणीत पेला वापरला नव्हता, विजयसार मोजून दिला होता. नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्के रुग्णांची, साखर आटोक्यात आली. इथेही तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आजार सौम्य असताना नुसत्या पथ्यानेही साखर उतरते, त्यामुळे या ६९ टक्क्यांतले विजयसाराचे किती, हे सांगता येत नाही.

कारले घरोघरी आहे म्हणून त्याच्याविषयी दोन शब्द. त्यात चॅरँटिन आणि इन्सुलिनसारखे वागणारे एक प्रथिन आहे, प्राण्यांवरचे प्रयोगही आशादायक आहेत. कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये माणसांवरच्या चार चाचण्या, एकूण ४७९ जण, तपासल्या आणि पुरावा अपुरा ठरवला. भाजी म्हणून कारले उत्तमच, पण रस औषध म्हणून पिणाऱ्यांनी साखर मोजत राहावे.

यकृताच्या टप्प्यावर या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट घडली, आणि तिची वनस्पती भारतातली नाही. गॅलेगा ऑफिसिनॅलिस हे युरोपातले जांभळट फुलांचे झुडूप. मध्ययुगापासून ते प्लेगपासून अनेक रोगांवर वापरत, आणि ते खाऊन मेंढ्या दगावतात हेही ठाऊक होते. त्यात ग्वानिडिन वर्गातली द्रव्ये असतात. ग्वानिडिन सशांच्या रक्तातली साखर उतरवते, हे १९१८ मध्ये वातानाबे यांनी दाखवले. मग झुडपातले गॅलेजिन रुग्णांना देऊन पाहिले, पण गुण येण्याच्या आणि विष होण्याच्या मात्रेत फारसे अंतर नव्हते. सिंथॅलिन नावाची कृत्रिम भावंडेही यकृताला आणि मूत्रपिंडाला झेपली नाहीत.

दरम्यान १९२२ मध्ये डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी डायमिथाइल बायग्वानाइड हे संयुग बनवले. त्याच सुमारास इन्सुलिनचा शोध गाजत होता, त्यामुळे या संयुगाकडे जवळपास तीस वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. फिलिपीन्समध्ये एका डॉक्टरने ते इन्फ्लुएन्झावर दिले आणि साखर उतरल्याची नोंद केली. ती नोंद पाहून फ्रान्सचे ज्याँ स्टर्न कामाला लागले आणि १९५७ मध्ये त्यांनी मधुमेहींवरचे निष्कर्ष छापले. हेच मेटफॉर्मिन. त्याचा भाऊबंद फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साठून माणसे दगावू लागल्यामुळे १९७० च्या दशकाच्या अखेरीस बऱ्याच देशांतून गेला, आणि त्याच्या बदनामीची झळ मेटफॉर्मिनलाही लागली. अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ उजाडले. १९९८ मध्ये ब्रिटनच्या दीर्घकालीन यूकेपीडीएस अभ्यासाने लठ्ठ मधुमेहींमध्ये त्याने हृदयविकाराचे प्रमाण घटते असे दाखवल्यावर ते जगभर पहिल्या पसंतीचे औषध झाले.

‘मेटफॉर्मिन तरी झुडपातूनच आले ना’ हा युक्तिवाद हर्बल उत्पादनांच्या बाजूने नेहमी केला जातो. झुडपातून आला तो धागा. गोळीतला रेणू त्या झुडपात नाही, कारखान्यात बनतो, आणि झुडपातल्या रेणूचा विषारीपणा टाळता आला म्हणूनच तो औषध झाला.

यकृतावर काम करणारे आणखी एक द्रव्य बर्बेरीन. हिमालयातल्या दारुहळदीच्या मुळाचा पिवळा रंग त्याचाच, आणि त्या मुळाचा आटवलेला काढा रसांजन म्हणून पूर्वीपासून डोळ्यांच्या तक्रारींवर वापरत आले आहेत. चिनी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की बर्बेरीनमुळे यकृताच्या पेशींवरचे एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, ग्राही वाढतात आणि कोलेस्टेरॉल रक्तातून लवकर उचलले जाते. २००८ मध्ये शांघायच्या एका चाचणीत ३६ नव्या मधुमेहींना तीन महिने बर्बेरीन किंवा मेटफॉर्मिन दिले. मात्रा दोघांची सारखीच, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. बर्बेरीन गटाचे एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारे माप, ९.५ टक्क्यांवरून ७.५ वर आले, म्हणजे मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड. या विषयातल्या वनस्पतिद्रव्यांत ज्याच्याकडून खरोखर अपेक्षा ठेवावी असे हे एक आहे. मात्र चाचण्या बहुतेक लहान आणि एकाच देशातल्या, पोट बिघडण्याची तक्रार नेहमीची, इतर औषधांचे रक्तातले प्रमाण ते वाढवते, आणि गरोदरपणात ते वर्ज्य आहे.

दालचिनीचा बोलबाला २००३ मध्ये पाकिस्तानातल्या ६० रुग्णांवरच्या चाचणीने झाला. नऊ वर्षांनी कॉक्रेनने १० चाचण्यांतल्या ५७७ जणांचा हिशेब मांडला, तेव्हा साखरेवर ठोस परिणाम दिसला नाही. बाजारातल्या जाड सालीच्या कॅशिया दालचिनीत यकृताला त्रासदायक कुमॅरिन बरेच असते. पातळ, अनेक पदरी गुंडाळलेल्या सिलोनी दालचिनीत ते नावापुरतेच, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोंकण तेज’ ही जात याच दुसऱ्या प्रकारातली. चहात चिमूटभर टाकणाऱ्याने काळजी करायचे कारण नाही. रोज कॅप्सूल घेणाऱ्याने कोणती साल आहे ते विचारावे.

वाटेतला शेवटचा टप्पा मूत्रपिंड. सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन वेगळे झाले. ते कडू, म्हणून सिंकोनासारखे तापावर चालेल अशी आशा होती. १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांच्या लक्षात आले की ते दिल्यावर लघवीतून साखर जाते. मूत्रपिंड गाळलेली साखर परत शोषते, ते शोषणच फ्लोरिझिन थांबवते. पुढची शंभर वर्षे त्याचा उपयोग प्रयोगशाळेपुरताच राहिला, कारण तोंडाने घेतलेले फ्लोरिझिन आतड्यातच तुटते आणि जे उरते ते जुलाब लावते. मग रसायनशास्त्रज्ञांनी रेणूतला साखरेचा जोड आतड्यात न तुटेल असा बदलला. डॅपाग्लिफ्लोझिनला युरोपात २०१२ मध्ये परवानगी मिळाली, आणि पुढे मधुमेह नसलेल्या हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही ते देऊ लागले. सफरचंदाची साल उकळून पिण्याने यातले काही साधत नाही.

साखरेची वाट इथे संपली, आता चरबीकडे. चरबी बनण्याच्या जागी काम करते असे म्हणून विकले जाते ते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न-तंत्रज्ञान संस्थेत लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये ते केरळातल्या कुडमपुळी या आंबट फळात ओळखले. कोकमाच्या आमसुलातही ते असते. साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका विकराला ते परीक्षानळीत अडवते. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ लठ्ठ व्यक्तींवर बारा आठवडे चाचणी झाली. सगळ्यांना कमी उष्मांकाचा आहार, निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हे आम्ल, निम्म्यांना नुसती बनावट गोळी. आम्लवाल्यांचे वजन ३.२ किलो उतरले, बनावट गोळीवाल्यांचे ४.१. उन्हाळ्यात सोलकढी प्यावी ती चवीसाठी.

गुग्गुळाची कहाणी या सगळ्यांत विचार करायला लावणारी आहे, कारण तिथे शास्त्राची रीत पाळली गेली होती. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या, म्हणजे चरबी साठण्याच्या विकाराच्या, वर्णनावरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांना चरबीयुक्त खाणे आणि गुग्गुळ देऊन पाहिले. १९६६ च्या त्या प्रबंधात गुग्गुळ घेतलेल्या सशांचे कोलेस्टेरॉल कमी निघाले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने अर्क प्रमाणित केला, भारतात चाचण्या झाल्या आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘गुगुलिपिड’ बाजारात आले. २००२ मध्ये तर गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या एफएक्सआर या ग्राहीवर काम करते, हेही अमेरिकेत सापडले. परंपरा, ससे, रुग्ण आणि रेणू यांची अशी साखळी क्वचितच जुळते. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या आठ आठवड्यांच्या चाचणीने ती तोडली. १०३ जणांपैकी गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल ४ ते ५ टक्के वाढले, बनावट गोळी घेणाऱ्यांचे ५ टक्के घटले, आणि गुग्गुळ घेणाऱ्या सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले. आहार वेगळा, शरीरयष्टी वेगळी, म्हणून निष्कर्ष वेगळा, असे काहींचे म्हणणे आहे. ते खरे असेलही, पण तसे ठरवायला तितकीच काटेकोर चाचणी भारतातही व्हायला हवी. तिकडे राजस्थान आणि गुजरातच्या कोरड्या टेकड्यांवर जास्त डिंकाच्या लोभाने खोल चिरा दिल्याने झाडे मरत आहेत. आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत गुग्गुळ ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे.

झाडपाल्याने अपाय होत नाही ही समजूत यकृताच्या डॉक्टरांना मान्य नाही. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी आणि साखरेसाठी घरोघरी गुळवेल उकळू लागली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली, त्या इजेचे स्वरूप शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर हल्ला करावा असे होते. आयुष मंत्रालयाने गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असा आक्षेप घेतला. म्हणजे वाद उरला तो मुळात वेल कोणती यावरच, आणि बाटलीवरून तो मिटत नाही. हळदीचेही पाहण्यासारखे आहे. भाजीतली हळद शरीरात फारशी शोषली जात नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले की मिरीतल्या पायपरीनबरोबर माणसात कर्क्युमिनचे शोषण २० पटींनी वाढते. त्यानंतर मिरी घातलेल्या कॅप्सूल आल्या, आणि हळदीने यकृत बिघडल्याच्या नोंदीही त्यानंतर वाढल्या.

भेसळ हा वेगळाच धोका. बॉस्टनमध्ये विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘शुद्ध हर्बल’ म्हणून विकलेल्या मधुमेहाच्या पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीची गोळी कुटून घातल्याचे प्रकार अनेक देशांत पकडले गेले आहेत. अशा पुडीने साखर झपाट्याने उतरते, रुग्ण खूश होतो, आणि एखाद्या दिवशी जेवण चुकले की घाम सुटून बेशुद्ध पडतो. भेसळ नसली तरी ग्लिबेनक्लामाइडच्या वर्गातल्या, म्हणजे सल्फोनिलयुरियाच्या, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कारले, गुडमार किंवा मेथी औषधी मात्रेत सुरू केली, तर साखर खूप खाली जाऊ शकते. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी डॉक्टरांना अर्कांची यादी आधी द्यावी.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला बंदी आहे. २०१५ मध्ये भारताने ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा नवा वर्ग आखला. त्यात अर्क शुद्ध केलेला आणि प्रमाणित असावा लागतो, त्यातली किमान चार द्रव्ये मोजलेली असावी लागतात, आणि सुरक्षितता व गुण माणसांवरच्या चाचण्यांतून सिद्ध करावे लागतात. ही वाट लांब आणि खर्चाची आहे. तोच अर्क ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषध किंवा आहारपूरक म्हणून आणला, तर अशा चाचण्यांवाचून विकता येतो, आणि बहुतेक उत्पादक तीच वाट धरतात.